गाडीसाठी तयार हायड्रोजन किट घेण्यापूर्वी: मुंबईच्या नव्या ग्राहकासाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मुंबईत २०२१च्या मे महिन्यात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. त्यानंतर माझ्याकडे गाडीच्या वायरिंगसाठी येणाऱ्या ग्राहकांपैकी अनेकांनी एकच प्रश्न विचारला: पाण्यापासून हायड्रोजन तयार करून इंधन वाचवणारे किट बसवावे का? गेली वीस वर्षे मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीचे काम करतो. अशी किट मी उघडून पाहिली आहेत, दोनदा ग्राहकाच्या आग्रहाखातर बसवली आहेत आणि त्याहून अधिक वेळा उतरवली आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ जाणार नाही: पेट्रोल वाचवण्यासाठी हे किट घेऊ नये. पण कोणाच्या मतावर विसंबून निर्णय घेण्याऐवजी हिशेब स्वतः मांडता यावा, विक्रेत्याला नेमके काय विचारायचे ते कळावे आणि तरीही घ्यायचे ठरले तर निदान गाडीला व माणसाला इजा होऊ नये, यासाठी पुढील पायऱ्या लिहीत आहे.

डब्यात नेमके काय असते ते आधी पाहा

‘हायड्रोजन’ या शब्दामुळे पहिला गोंधळ होतो. २०२२च्या मार्च महिन्यात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी ज्या टोयोटा मिराई गाडीतून संसदेत गेले, ती हायड्रोजनवर चालणारी गाडी आहे. तिच्यात कारखान्यात तयार झालेला हायड्रोजन सुमारे ७०० बार दाबाने टाक्यांत भरलेला असतो आणि फ्युएल सेलमधून त्याची वीज होते. आपल्याला विकले जाणारे किट म्हणजे ते तंत्र नव्हे. गॅरेजमध्ये तासाभरासाठी मशीन लावून इंजिनातील कार्बन काढण्याची जी ‘हायड्रोजन डीकार्ब’ सेवा दिली जाते, तीही वेगळी आहे. तिचा येथे विचार केलेला नाही.

तयार किटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांचा एक सेल, पाण्याची टाकी, वायू पाण्यातून सोडणारी बबलर नावाची छोटी बाटली, नळ्या, रिले (विजेने चालणारा स्विच), फ्यूज आणि महागड्या किटमध्ये करंट आवरणारा पीडब्ल्यूएम कंट्रोलर असतो. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज वाहावी म्हणून त्यात थोडे पोटॅशियम हायड्रॉक्साइड (एक तीव्र अल्कली) मिसळून ते सेलमध्ये भरतात. गाडी चालू असताना ऑल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राची, वीज त्या पत्र्यांतून जाते, पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे विघटन होते, आणि हा मिश्र वायू एअर फिल्टरच्या पुढच्या पाइपमधून इंजिनात सोडला जातो. विक्रेते त्याला एचएचओ किंवा ब्राऊन्स गॅस म्हणतात. येथवर सारे खरे आहे. बबलरमध्ये बुडबुडे येतात, तो वायू पेटतो, आणि दुकानात साबणाच्या फेसावर लायटर धरून जो ‘फट्’ आवाज काढून दाखवतात तोही खराच असतो. मात्र त्या प्रात्यक्षिकातून वायू तयार होतो एवढेच सिद्ध होते. पेट्रोल वाचते की नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

दोन आकडे विचारून हिशेब स्वतः मांडा

विक्रेत्याला दोनच आकडे विचारावेत: किट किती अँपिअर खाते आणि सेलमध्ये किती पत्रे आहेत. पत्र्यांच्या संख्येतून एक वजा केला की त्या मोठ्या सेलमध्ये दोन-दोन पत्र्यांमधले किती छोटे सेल मालिकेत आहेत ते कळते. सात पत्रे म्हणजे सहा सेल. बारा व्होल्टच्या गाडीसाठी ही नेहमीची रचना आहे, कारण प्रत्येक सेलला प्रत्यक्षात दोन व्होल्टच्या आसपास लागतात.

किती विजेने किती वायू सुटतो हे सांगणाऱ्या फॅरेडेच्या नियमानुसार एका सेलमधून एक अँपिअर गेला तर ३० अंश तापमानाला मिनिटाला सुमारे ११.५ मिलीलीटर मिश्र वायू मिळतो, त्याहून अधिक नाही. म्हणून अँपिअरला सेलच्या संख्येने गुणावे आणि आलेल्या आकड्याला ११.५ ने गुणावे. २० अँपिअर आणि सहा सेल असतील तर मिनिटाला जवळजवळ १.४ लिटर वायू मिळेल. त्याच करंटमध्ये तीन किंवा चार लिटर मिळतात असे कोणी सांगत असेल, तर मोजमाप चुकले आहे किंवा तापलेल्या सेलमधून वाफ निघत आहे. ही एक तपासणी दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येते, आणि विक्रेता आपल्या मालाबद्दल किती खरे बोलतो ते तेथेच लक्षात येते.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. वरील किट तासाभरात साधारण साडेचार ग्रॅम हायड्रोजन तयार करते. एक किलो हायड्रोजनमध्ये १२० मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे साडेचार ग्रॅम हायड्रोजन ही जेमतेम १७ मिलीलीटर पेट्रोलची बरोबरी झाली, चहाच्या तीन-साडेतीन चमच्यांइतकी. ते मिळवण्यासाठी आपण काय देतो? १३.८ व्होल्टला २० अँपिअर म्हणजे २७६ वॅट वीज. ही वीज फुकट नसते. ऑल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्यात जवळजवळ निम्मी शक्ती उष्णतेत जाते, आणि इंजिन स्वतः पेट्रोलमधील ऊर्जेचा पाव ते तिसरा हिस्साच कामात आणते. त्यामुळे तासभर २७६ वॅट पुरवण्यासाठी सुमारे दोनशे मिलीलीटर पेट्रोल जाळावे लागते. दोनशे मिलीलीटर देऊन १७ मिलीलीटर परत मिळवायचे, असा हा व्यवहार आहे. किट कितीही उत्तम बनवलेले असले तरी त्यात फायदा होत नाही, कारण पाणी हे इंधन नव्हे. हायड्रोजन जळल्यावर जे उरते तेच पाणी. ते फोडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून अधिक ऊर्जा ते पुन्हा जुळताना देत नाही. पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणाऱ्या अमेरिकेतील स्टॅनली मायर यांच्या विरोधात १९९६ साली ओहायोच्या न्यायालयाने फसवणुकीचा निकाल देऊन गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले होते.

हा हिशेब मांडला की जाणकार विक्रेता बाजू बदलतो. तो म्हणतो, ‘साहेब, हायड्रोजन इंधन म्हणून नाहीच, त्यामुळे पेट्रोल पूर्ण जळते.’ हा युक्तिवाद नीट ऐकून घ्यावा, कारण त्यात एक कण सत्य आहे. हायड्रोजनची ज्योत वेगाने पसरते, आणि सिलिंडरमधून बऱ्यापैकी प्रमाणात हायड्रोजन दिला तर इंजिन अधिक विरळ, म्हणजे कमी पेट्रोल आणि जास्त हवेच्या, मिश्रणावर चालू शकते, हे प्रयोगशाळांत अभ्यासले गेले आहे. पण तेथील हायड्रोजनचे प्रमाण आणि आपल्या बॉनेटखालच्या सेलचे प्रमाण यांची तुलना होत नाही. १२०० सीसीचे इंजिन मध्यम वेगात मिनिटाला काही शे लिटर हवा ओढते. त्यात आपला हायड्रोजन एक लिटरसुद्धा नसतो. शिवाय चांगल्या स्थितीतील इंजिनात न जळता बाहेर पडणारे पेट्रोल एक-दोन टक्क्यांच्या घरातच असते. उरलेली ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून जाते, आणि तिला हे किट हात लावत नाही. जे एक-दोन टक्के वाया जाते, ते सगळे वाचवले तरी तीस टक्के बचत कुठून येणार, हे विक्रेत्याला शांतपणे विचारावे.

कागद मागा, आणि कोणता कागद कशाचा आहे ते ओळखा

दुकानाच्या भिंतीवर आयएसओ ९००१चे प्रमाणपत्र टांगलेले दिसेल. ते कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असते, किटमुळे इंधन वाचते याबद्दल नाही. पेटंटचा अर्ज दाखवला जाईल. अर्ज कोणीही करू शकतो. ग्राहकांचे व्हिडिओ दाखवले जातील, त्यांचे काय करायचे ते पुढे मोजणीच्या पायरीत सांगितले आहे.

ज्या दोन कागदांना अर्थ आहे ते असे. पहिला, पुण्याच्या एआरएआय संस्थेसारख्या केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली मान्यता असलेल्या चाचणी संस्थेचा अहवाल, ज्यात एकच गाडी चेसिस डायनॅमोमीटरवर (चाके रोळांवर फिरवून मोजणाऱ्या यंत्रावर) किटसह आणि किटविना चालवून दोन्ही आकडे दिलेले आहेत. दुसरा, आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी त्या किटला मिळालेली टाइप अप्रूव्हल, म्हणजे चाचणीनंतरची अधिकृत मंजुरी. सीएनजी किट बसवताना आपण हाच कागद पाहतो आणि नंतर आरटीओकडून आरसी बुकात नोंद करून घेतो. हायड्रोजन किट विकणाऱ्यांपैकी एकानेही हे दोन्ही कागद आजवर माझ्यासमोर ठेवलेले नाहीत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक इंधनबचत उपकरणे तपासली आहेत आणि त्यांत मायलेज लक्षणीय वाढवणारे एकही आढळलेले नाही, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवावी.

कायद्याची बाजू गंभीर आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीसारख्या इंधनबदलाला ठरलेल्या अटींवर परवानगी मिळते. २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘साहेब, कोणी बघत नाही’ हे उत्तर विक्रेत्याला परवडते, कारण आरसीवर नाव आपले असते. ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली, ज्या आरटीओत आपली गाडी नोंदलेली आहे तेथे या किटची नोंद होते का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. विमा कंपनीलाही लेखी विचारावे. आग लागल्यावर बॉनेटखाली कंपनीला न कळवलेली वायरिंग सापडली, तर दावा अडकण्यास ते कारण पुरेसे होते. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरचे उत्तरही आधीच मिळवावे. ते काय असेल याचा अंदाज करणे कठीण नाही.

आपली गाडी कोणती आहे

एप्रिल २०२०नंतरची बीएस-६ गाडी असेल तर या वाटेला मुळीच जाऊ नये. तिचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरकडून मिळणाऱ्या माहितीवर पेट्रोल आणि हवेचे प्रमाण १ ला १४.७च्या आसपास राखतो, कारण धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच प्रमाणात नीट काम करतो. किटने स्वतःहून काही बचत होत नाही, म्हणून काही विक्रेते सोबत एक छोटी डबी देतात, जी सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला पेट्रोल कमी सोडायला लावते. त्या डबीने काही काळ ॲव्हरेज वाढल्यासारखे वाटू शकते. पण मिश्रण विरळ झाल्यामुळे नायट्रोजन ऑक्साइड्स वाढतात, ओढ कमी होते, इंजिन खडखडते, आणि चेक इंजिनचा दिवा लागतो तो लागतोच. ही डबी सोबत येणार असेल तर किट न घेण्यासाठी ते एकच कारण पुरे आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत किंवा जुन्या डिझेलमध्ये हा सेन्सरचा प्रश्न येत नाही, पण ऊर्जेचा हिशेब तोच राहतो.

घेण्याआधीचे ॲव्हरेज मोजा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर पस्तावतात. किट बसवताना मेकॅनिक बहुधा एअर फिल्टर साफ करतो, प्लग बदलतो आणि टायरमध्ये हवा भरतो. ॲव्हरेज त्यानेच सुधारते आणि श्रेय किटला जाते. म्हणून ही तीन कामे आधी करून घ्यावीत, आणि त्यानंतरच मोजायला बसावे.

मोजण्याची पद्धत साधी आहे, फक्त शिस्त लागते. एकाच पंपावर, शक्य तर एकाच नोझलवर, पहिल्या ऑटो कट-ऑफपर्यंत टाकी फुल्ल करावी आणि ‘अजून थोडे’ म्हणून वर भरू देऊ नये. निदान तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा तसेच भरावे. किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागावे. असे तीन वेळा करावे. रोज शीव ते वांद्रे गर्दीत जाणाऱ्या माणसाने एका खेपेत पुण्याची सहल मिसळली तर आकडा बिघडतो; महामार्गावरचे किलोमीटर वेगळे ठेवावेत. भरण्यात एक लिटर इकडेतिकडे झाला तर पंचवीस लिटरच्या हिशेबात चार टक्क्यांची चूक होते, तेव्हा चार-पाच टक्क्यांच्या फरकाला या पद्धतीत अर्थ नाही. विक्रेता मात्र तीस टक्के म्हणत असतो, आणि तीस टक्के खरे असतील तर ते या वहीत लपणार नाहीत.

मुलुंडच्या एका मित्राचा अनुभव येथे सांगतो, कारण त्याने ही मोजणी माझ्या ओळखीत सर्वांत प्रामाणिकपणे केली. किट त्याने आधीच अठरा हजार रुपयांना घेतले होते आणि पहिल्या महिन्यात ॲव्हरेज १२ वरून १४ झाल्याने तो खूश होता. मी त्याला म्हटले, ‘फ्यूज कधी काढलेला आहे ते तुला कळता कामा नये.’ मग त्याच्या मुलीने प्रत्येक टाकीच्या सुरुवातीला नाणे उडवून किटचा फ्यूज ठेवायचा की काढायचा हे ठरवले, एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी पाकिटात बंद केली. किटच्या दिव्यावर काळी टेप लावली. सहा टाक्या झाल्यावर पाकिटे उघडली, तेव्हा फ्यूज असलेल्या तीन टाक्यांची सरासरी १३.६ आणि नसलेल्या तीन टाक्यांची १३.८ निघाली. ॲव्हरेज वाढले होते ते खरे होते, पण ते त्याच्या उजव्या पायामुळे वाढले होते. अठरा हजार घातल्यापासून तो गाडी हळुवार चालवू लागला होता. लोकांचे व्हिडिओ खोटेच असतात असे मी म्हणत नाही. त्यांतल्या अनेकांचे असेच झालेले असते.

तरीही बसवायचेच असेल तर

कोणी प्रयोगाच्या हौसेने जुन्या गाडीवर बसवणारच असेल, तर पुढील गोष्टींत तडजोड करू नये. हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेतो, आणि पेट्रोलच्या वाफेला लागणाऱ्या ठिणगीच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ठिणगी त्याला पुरते. या किटमध्ये तर ऑक्सिजन आधीच मिसळलेला असतो. म्हणून हा वायू कधीही साठवू नये. इंजिन बंद झाले की सेलही बंद झाला पाहिजे. त्यासाठी रिलेला वीज नुसत्या इग्निशन स्विचवरून न देता, ऑइल प्रेशर स्विच किंवा ऑल्टरनेटरच्या सिग्नलवरून द्यावी, म्हणजे चावी चालू राहिली आणि इंजिन बंद पडले तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वायू जमणार नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा. बबलरमध्ये पाणी असल्याशिवाय गाडी सुरू करू नये, कारण इंजिनातून ज्योत उलट आली तर तिला अडवणारे तेवढेच पाणी असते.

पोटॅशियम हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत. नेहमी पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड थोडे थोडे टाकावे. त्याच्यावर पाणी ओतू नये. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. मीठ घातले तर क्लोरीन तयार होतो, म्हणून ते चालत नाही. नळाचे पाणीही चालत नाही. मुलुंडच्या त्याच गाडीची टाकी मी तिसऱ्या आठवड्यात उघडली, तेव्हा पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस झाले होते आणि तळाशी बारीक गाळ बसला होता. हलक्या प्रतीचे स्टील झिजले की असे होते, आणि त्या पाण्यात आरोग्याला घातक असे क्रोमियम असू शकते. असे पाणी सोसायटीच्या गटारात ओतू नये. एका जोडातून ओघळलेल्या थेंबांनी ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर पांढरे चट्टे पाडले होते, ते बोटाने खरवडले तर भुगा निघत होता.

पैसे परत मिळवताना आणि किट उतरवताना

खरेदी करताना पक्के बिल घ्यावे आणि ‘अमुक टक्के बचत, न झाल्यास इतक्या दिवसांत पैसे परत’ हे त्या बिलावर लिहून घ्यावे. जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. दावा खोटा ठरला तर आधी विक्रेत्याला लेखी कळवावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने न भागल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रेता दिल्लीचा किंवा कोइमतूरचा असला तरी तक्रारदार जेथे राहतो तेथे, म्हणजे मुंबईतच, तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचे शुल्क नाही. आपण मोजलेली वही तेथे पुरावा म्हणून उपयोगी पडते, म्हणून पंपाच्या पावत्या तारखेनुसार लावून ठेवाव्यात.

किट काढताना नुसता फ्यूज उपसून सेल तसाच लटकत ठेवू नये. एअर इनटेकच्या पाइपला पाडलेले भोक टेपने न बुजवता पाइपच बदलावा, नाही तर फिल्टर चुकवून धूळ थेट इंजिनात जाते. सेन्सरच्या वायरमध्ये जोड दिला असेल तर तो कापून मूळ वायर सोल्डर करून घ्यावी, स्कॅनर लावून ईसीयूतील बिघाडाचे जुने कोड पुसावेत, दोन-तीन दिवस गाडी चालवून कोड परत येत नाहीत ना ते पाहावे, आणि त्यानंतर नवे पीयूसी काढून घ्यावे.